विणीवरची वेलबुट्टी

हिवाळ्याची चाहूल लागली की ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी घरांत लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. कोकणात व गोव्यात थंडी बेताचीच. तथापि बाळंतविड्यात लोकरीची टोपी, झबले आणि पायमोजे यांना तेथेही स्थान असते. हाताने विणलेल्या अशा कपड्यावर एखादे फूल, पान किंवा पक्षी भरावा, असे विणणाऱ्या गृहिणीला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु पुष्कळदा असे होते की, हौसेने भरलेल्या फुलाभोवती विणीला चुण्या पडतात, पहिल्या धुण्यानंतर नक्षी आक्रसते, आणि गळ्याजवळ भरलेल्या वेलीमुळे स्वेटर मुलाच्या डोक्यातून खालीच उतरत नाही. महिनाभराची मेहनत अशी वाया जाते. असे का व्हावे?

याचे कारण विणीच्या घडणीत आहे. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे ते कापड फारसे ताणले जात नाही. सुयांवरची वीण म्हणजे मात्र एकात एक अडकवलेल्या फाशांची रांग होय. ओढले की प्रत्येक फासा आपला आकार बदलतो आणि सोडले की पूर्ववत होतो. लोकरीच्या कपड्याची ऊब आणि अंगासरसा बसण्याचा गुण या लवचिकपणातच आहे. अशा विणीवर न ताणणारा धागा घट्ट बसवला की त्या जागी जणू गाठच पडते. म्हणून विणीवरील भरतकामाचा नियम एकच आहे: भरलेल्या धाग्याने विणीबरोबर हलले पाहिजे. बाकीचे सर्व नियम यातूनच निघतात.

हा नियम सर्वांत चांगला पाळणारा टाका म्हणजे टाक्यावर घातलेला टाका. इंग्रजीत त्याला ‘स्विस डार्निंग’ असे नाव आहे. साध्या सुलट विणीकडे निरखून पाहिले, तर गव्हाच्या लोंबीतील दाण्यांप्रमाणे एकावर एक बसलेल्या टाक्यांच्या उभ्या रांगा दिसतात. प्रत्येक टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. बोथट टोकाच्या, मोठ्या नेढ्याच्या सुईत मूळ लोकरीइतक्याच जाडीची रंगीत लोकर ओवावी. व्हीच्या खालच्या टोकाशी सुई मागून पुढे काढावी. मग वरच्या टाक्याचे दोन्ही पाय जेथे मिळतात, त्यांच्या पाठीमागून ती उजवीकडून डावीकडे न्यावी आणि जेथून वर आली त्याच छिद्रात पुन्हा खाली घालावी. मूळ टाका रंगीत टाक्याखाली पूर्ण झाकला जातो. रंगीत लोकर मूळ फाशाच्याच वाटेने गेलेली असल्यामुळे वीण ताणली की तीही ताणली जाते. जणू ते फूल सुयांवरच विणले होते, असे पाहणाऱ्याला वाटते.

या टाक्यासाठी चौकटींच्या कागदावर नक्षी काढतात. एक चौकट म्हणजे एक टाका. पण येथे एक हिशेब विसरता कामा नये. विणीचा टाका उंचीपेक्षा रुंदीला अधिक असतो. समजा, एका इंचात ६ टाके आणि ८ ओळी बसतात. अशा विणीवर २४ चौकटी रुंद व २४ चौकटी उंच असे वर्तुळ भरले, तर ते ४ इंच रुंद व ३ इंच उंच, म्हणजे चपटे होईल. ते गोल दिसावे असे वाटत असेल, तर २४ टाक्यांना ३२ ओळी धरल्या पाहिजेत. म्हणून आधी आपल्या विणीचे टाके व ओळी मोजाव्यात आणि मगच कागदावर पेन्सिल टेकवावी.

मोजून भरण्याची ही शिस्त बेळगाव-धारवाडकडील वाचकांना नवी नाही. तेथील कसुतीचे काम कापडाचे धागे मोजूनच होते. त्यात कापडावर नक्षी छापत नाहीत व धाग्याला गाठ मारीत नाहीत. कसुतीतील तुळशीवृंदावन, हत्ती, गोपूर यांच्या आकृत्या चौकटींत सहज बसतात, त्यामुळे त्या लोकरीच्या विणीवरही उतरवता येतात. मात्र त्यातील नेगी हा टाका लांब सरळ धाग्यांचा असतो. इरकली लुगड्यावर तो शोभून दिसतो, पण ताणणाऱ्या विणीवर तो तिला आवळून धरील. तेव्हा आकृती कसुतीची घ्यावी, टाका मात्र विणीचा घ्यावा.

टाक्यावर टाका घालून वळणदार रेघ काढता येत नाही. तिला पायऱ्या पडतात. देठ व वेली यांसाठी साखळी टाका योग्य होय, कारण तोही फाशांचाच बनलेला असून थोडासा ताणला जातो. सुट्या साखळीच्या पाकळ्या, म्हणजे ‘लेझी डेझी’, आणि मध्यभागी गाठीचा एखादा टाका एवढ्यात लहानसे फूल पुरे होते. मोठ्या पाकळ्या सॅटिनच्या टाक्याने भरगच्च भरण्याचा मोह टाळावा. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या लोकरी जाकिटांवरची फुले अशीच लहान व सुटी असतात. १९३० नंतरच्या दशकात युरोपात त्या जाकिटांची मोठी आवड निर्माण झाली होती.

विणीवर नक्षी भरण्याची हौस तर त्याहूनही कितीतरी जुनी आहे. इंग्लंडमध्ये फिलिप स्टब्ज याने १५८३ साली आपल्या काळातील छानछोकीवर टीकेचे पुस्तक लिहिले. त्यात पायमोज्यांच्या घोट्याजवळील नक्षीलाही त्याने सोडले नाही.

प्रत्यक्ष कामात काही गोष्टी ध्यानी धराव्यात. रंगीत लोकर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून तिचा रंग सुटतो की काय, हे आधी पाहावे. स्वेटरचे भाग शिवून जोडण्यापूर्वीच त्यांवर भरावे, म्हणजे उलट बाजू हाताशी राहते. वीण रिंगेत आवळून बसवू नये. सुईत लोकर हातभरच ओवावी. लांब धागा पुनःपुन्हा विणीतून जाऊन विरविरीत होतो. गाठ न मारता चार बोटे शेवट मागे सोडावा आणि तो उलट बाजूच्या फाशांतून फिरवावा. बाळाच्या कपड्यात ही काळजी दुप्पट घ्यावी. आतल्या बाजूस लांब धागे लोंबत राहिले, तर त्यांत तान्ह्याची बोटे अडकतात, आणि गाठी त्याच्या कोवळ्या त्वचेला रुततात. मणी व चकत्या तर बाळाच्या कपड्यावर लावूच नयेत. त्या प्रथम तोंडात जातात.

या कलेचा सर्वांत मोठा उपयोग मात्र शोभेपलीकडचा आहे. इंग्रजी नावातील ‘डार्निंग’ म्हणजे रफूच. स्वेटरचे कोपर सर्वांआधी विरते. फासे तुटण्यापूर्वीच त्यांवर त्याच लोकरीने टाक्यावर टाका घातला, की तेवढी जागा दुपदरी होते आणि स्वेटर आणखी काही हिवाळे टिकतो. म्हणून विणून उरलेला लोकरीचा लहानसा गुंडा जपून ठेवावा. त्याच रंगाची लोकर नंतर बाजारात मिळाली, तरी छटा तंतोतंत जुळेलच असे नाही. जुळणारी लोकर नसेल, तर दुसऱ्या रंगाचे एक पान त्या जागी भरावे आणि जोडीला तसेच पान दुसऱ्या कोपरावरही भरावे. थोरल्या भावाचा स्वेटर धाकट्याच्या अंगावर आला, की विरलेली जागा कोणाच्या नजरेस पडत नाही. धाकटा तो स्वेटर जुना म्हणून कुरकुरत घालीत नाही. आपल्या बाहीवर पाने आहेत, हे तो चार जणांना दाखवीत हिंडतो.