बांधीतले घरटे

रोवणी आटोपली की आपल्या तिरोडा-गोंदिया भागात धानाच्या एखाद्या बांधीत पाहुण्यांची जोडी उतरते. राखाडी अंग, लालबुंद मान आणि उंची जवळजवळ माणसाएवढी. हा सारस, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. भंडारा आणि चंद्रपुरात अगदी मोजके.

सारस अभयारण्यात राहत नाही. परसवाडा, झिलमिलीसारख्या तलावांवर तो चरतो, देवधान खातो. पण घरटे पुष्कळदा शेतकऱ्याच्या मालकीच्या बांधीत करतो. धान आणि गवत उपटून ढीग रचतो. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि दोघे आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. तेवढ्या जागेचे पीक जाते. म्हणून पूर्वी घरटी मोडली जात, अंडी उचलली जात. आता त्यात कीटकनाशके आणि विजेच्या तारांची भर पडली आहे.

शेतात कुंपण घालून हा पक्षी वाचणार नाही. धान पिकले तरच त्याचे घरटे होईल. हे ओळखून गोंदियाच्या 'सेवा' संस्थेने, सावन बहेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, थेट शेतकऱ्यांशी मैत्री जोडली. आज अनेक ठिकाणी शेतकरीच घरट्याची राखण करतो. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

आम्ही वर्गात हे सांगत होतो, तेव्हा एका मुलाने विचारले, "आमचे धान गेले तर भरून कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. लहान शेतकऱ्याला चार पायल्या धानही मोठे असते. नुकसानभरपाई वेळेवर मिळावी, ही मागणी आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे.

पण त्या मुलाला आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. हदीसमध्ये येते की, मुसलमानाने पेरलेल्या पिकातून पक्ष्याने खाल्ले, तरी ते पेरणाऱ्याच्या नावे सदका होते. एकदा कोणी पाखराची पिले उचलली आणि त्यांची आई तडफडू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती पिले परत ठेवायला सांगितली. जमीन आपल्या नावावर असली, तरी ती अल्लाहची अमानत आहे.

म्हणून घरटे दिसले, तर त्याच्याजवळ गर्दी करू नये. कुत्री आवरावीत. त्या कोपऱ्यात फवारणी टाळावी आणि वन विभागाला कळवावे. मोबाइलवर फोटो काढण्यासाठी जवळ जाऊ नये, हे मुलांना आधीच बजावावे. जोडी अंडी सोडून गेली, तर त्या वर्षाचे पिल्लू गेलेच समजा.

धान पुढच्या हंगामात पुन्हा उगवेल. सारस एकदा गेला, तर तो आपल्या मुलांना फक्त पुस्तकातच दिसेल.