तिच्यासोबत कोण जाणार?

गल्लीत कुणाकडे मयत झाली, तर आपण बायका न बोलावता जातो. त्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भात शिजवून नेतो. बाळंतपण असो, आजारपण असो, हाक मारायची वेळ येत नाही. पण एखाद्या बाईवर किंवा पोरीवर बळजबरी झाली असं कळलं की काय होतं? खिडक्या लागतात, आवाज खाली येतात. "जाऊ द्या बाई, आपण कशाला मधे पडा!" आणि नेमकं तेव्हाच तिला माणसाची सगळ्यांत जास्त गरज असते, हो!

हे काम संस्थांचं, वकिलांचं, असं आपल्याला वाटतं. कायद्याला तसं वाटत नाही बरं का. अशा तक्रारीत बाईचा जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घ्यायचा असतो. आणि त्या वेळी आईवडील, जवळचे नातलग किंवा 'त्या भागातील समाजसेवक' सोबत असावेत, असं कायद्यातच लिहिलं आहे. मला विचाराल, तर महिला मंडळात वर्षानुवर्षं राबणाऱ्या आपल्या ताई-वहिनी दुसऱ्या कोण आहेत?

आपल्या विदर्भाने हे दुःख फार जवळून पाहिलं आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. हेच ते 'मथुरा प्रकरण'. सुप्रीम कोर्टाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नसणार, असा एकूण सूर! कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला.

कागदावरचा कायदा दवाखान्यातल्या टेबलापर्यंत पोचायला मात्र आणखी वर्षं गेली, आणि तिथे आपल्या वर्ध्याचा हात लागला. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक विषयाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अत्याचारित स्त्रियांची तपासणी किती वाईट तऱ्हेने होते, याचा अहवाल तयार केला. तो विषय २०१० साली जनहित याचिकेतून नागपूर खंडपीठापुढे गेला. पुढे २०१३ साली राज्याने आणि २०१४ साली केंद्राने तपासणीचे नियम काढले. बाईची अब्रू पुन्हा काढणारी ती 'दोन बोटांची तपासणी' सुप्रीम कोर्टाने २०१३ साली चूक ठरवली. २०२२ साली तर ती करणारा गैरवर्तनाचा दोषी, असं बजावलं. दवाखान्यात कुणी तसं करू लागलंच, तर सोबतच्या बाईने स्पष्ट 'नाही' म्हणावं.

आता प्रत्यक्ष करायचं काय? आधी तिला विचारणं थांबवा. "तू तिथं गेलीच कशाला?" हा प्रश्न तर ओठांवरही येऊ देऊ नका. "तुझी चूक नाही, मी आहे," एवढं बोललं तरी पुरे.

अंग धुऊन टाकावं असं तिला वाटणारच. जमलं तर तपासणी होईपर्यंत थांबायला सांगा. पण तिने आंघोळ केली असेल तर रागावू नका, तशीच घेऊन जा. पहिले तीन दिवस महत्त्वाचे, तरी ९६ तासांपर्यंत नमुने घेतले जातात. कपडे धुऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच कोंबू नका. ओल धरते, बुरशी येते. ओले असतील तर सावलीत वाळवून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळावेत. बदलायला दुसरे कपडे आणि चपला सोबत घ्या. हे घाईत हमखास राहून जातं.

दवाखाना सरकारी असो की खासगी, प्रथमोपचार व औषधपाणी लगेच आणि फुकट द्यावं लागतं. "आधी पोलिसांचा कागद आणा," असं म्हणता येत नाही. गर्भ राहू नये म्हणून गोळी जितकी लवकर तितकी बरी, फार तर पाच दिवसांत. एचआयव्हीला अटकाव करणारी औषधं ७२ तासांच्या आत. तपासणीला तिची संमती हवी. ती नको म्हणाली, तरी उपचार थांबत नाहीत. हद्द कुठलीही असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात घेतली पाहिजे.

मुलगी अठराच्या आतली असेल, तर मात्र कळवायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने ते बंधनकारक आहे. शाळेत शिकवणाऱ्या आम्हा बायकांना तर हे पाठ हवं. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१ हे नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. राज्याच्या 'मनोधैर्य' योजनेतली मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळते. तो अर्ज भरायला लिहिती-वाचती बाई लागते.

आणि तिचं नाव? ते मंडळाच्या हळदीकुंकवातही नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. नाव छापणं हा गुन्हाच आहे.

खरी कसोटी पुढे लागते. पहिल्या तारखेला दहा जणी जातात, पाचव्या तारखेला तिच्यासोबत नुसती तिची आई उरते. म्हणून तारखा आपसांत वाटून घ्याव्यात: या खेपेला तिची लहान पोरं कुणाकडे राहतील, तिच्या मजुरीचा खाडा कशातून भरायचा, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर तिच्याशेजारी कोण बसणार.