थंडावा कोठून येतो?

चैत्र सरत आला, की घरोघरी माठ निघतात, कैऱ्या उकडल्या जातात आणि पाहुण्यांच्या हाती चहाऐवजी सरबताचा पेला येतो. "पुदिना थंड असतो", "सब्जा थंड असतो", "वाळा तर फारच थंड" असे आपण घरातल्या मोठ्या माणसांकडून नेहमी ऐकतो. पण बालमित्रांनो, हे 'थंड' म्हणजे नेमके काय? पुदिना कुटून पाण्यात घाला आणि त्यात तापमापक बुडवा. तापमान एका अंशानेही खाली येणार नाही. मग थंडावा येतो तरी कोठून?

हे शोधायला मोठी प्रयोगशाळा नको. तीन-चार कुंड्या, एक माठ, शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक आणि आपली जीभ एवढे साहित्य पुरे. उत्तर मात्र नीट समजून घ्यायला हवे. कारण 'गार वाटणे' आणि 'शरीर गार राहणे' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक न ओळखणाऱ्याला ऊन फसवते.

शरीराची एकच उघडी खिडकी

आपल्या शरीराच्या आतले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. आपण बसलेले असलो तरी शरीरात उष्णता तयार होत असते. धावलो, खेळलो की ती कितीतरी वाढते. ही उष्णता बाहेर टाकावीच लागते. उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. त्यामुळे थंडीच्या दिवसांत ती आपोआप हवेत निघून जाते. पण मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. तेव्हा हवाच शरीराहून गरम! मग उष्णता बाहेर जाण्याऐवजी उलट आत येऊ लागते. अशा वेळी शरीराला एकच खिडकी उघडी राहते. ती म्हणजे घाम.

त्वचेवरच्या १ ग्रॅम घामाची वाफ होताना तो सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. (१ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे १ कॅलरी.) आता एक सोपे गणित करू. तुम्ही फ्रिजमधले १० अंशांचे २०० ग्रॅम, म्हणजे पेलाभर, पाणी प्यालात. ते शरीराच्या तापमानाला यायला २७ अंश तापले पाहिजे. म्हणजे त्याने २०० × २७ = ५,४०० कॅलरी उष्णता शोषली. आता तेच २०० ग्रॅम पाणी घाम होऊन पूर्णपणे वाळले असे समजा. त्याने २०० × ५८० = १,१६,००० कॅलरी उष्णता बाहेर नेली. एकवीस पटींहून अधिक!

तेव्हा पेय बर्फासारखे गार आहे की नाही, याला फारसे महत्त्व नाही. पेय आपल्याला खरा थंडावा देते ते घामासाठी पाणी पुरवून. पेयातला गारवा घटकाभराचा. पाणी मात्र तासन् तास काम करते.

माठ, वाळ्याची ताटी आणि आपली कातडी

माठातले पाणी गार का होते, हे तुम्ही शाळेत शिकला असालच. माठ सच्छिद्र असतो. पाणी पाझरून बाहेर येते, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते. वाळ्याच्या ताट्या दाराला लावून त्यांवर पाणी शिंपडतात, त्याचेही हेच तत्त्व. माठ, ताटी आणि आपली कातडी या तिघांचे शास्त्र एकच!

आणि तिघांची अडचणही एकच. हवा दमट असली की वाफ सावकाश होते. म्हणून मुंबई-रत्नागिरीकडे तापमान ३३-३४ अंशच असले, तरी जीव नकोसा होतो. घाम येतो, पण वाळत नाही, नुसता टपटप गळतो. गळून गेलेला घाम थंडावा देत नाही. पाणी मात्र खर्च होते.

तुमच्या गावची हवा कशी आहे ते पाहायचे आहे? दोन तापमापक सावलीत, वाऱ्याच्या जागी टांगा. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळा. दहा मिनिटांनी दोन्ही तापमाने वाचा. ओला तापमापक बराच खाली उतरला असेल, तर हवा कोरडी आहे आणि घाम आपले काम चोख करील. दोन्ही आकडे जवळजवळ असतील, तर त्या दिवशी उन्हातले खेळ आवरते घ्या. पंख्याजवळ किंवा वाऱ्याच्या जागी बसा.

वाळा हे एक गवत आहे. त्याची सुगंधी मुळे आपण वापरतो. ती जमिनीत सरळ खोल जातात आणि माती घट्ट धरून ठेवतात. म्हणून धूप थांबवण्यासाठी शेताच्या बांधावरही वाळा लावतात. घरी एखाद्या उंच पिंपात त्याचा ठोंब लावता येतो. मात्र मुळांसाठी वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते. मुळे स्वच्छ धुऊन, वाळवून त्यांची लहानशी जुडी दोऱ्याने बांधा आणि माठात सोडा. पाणी गार होते ते माठामुळे. वाळा त्याला मातीसारखा, गोडसर सुवास देतो. दोन-तीन दिवसांनी जुडी काढून उन्हात खडखडीत वाळवावी.

जिभेला चकवणारा पुदिना

आता एक गमतीचा प्रयोग. माठातल्या पाण्याचा एक घोट घ्या आणि ते किती गार लागते ते लक्षात ठेवा. मग पेपरमिंटची एक गोळी चघळा. ती संपल्यावर त्याच पाण्याचा दुसरा घोट घ्या. पाणी एकदम बर्फासारखे लागेल! तापमापक मात्र सांगेल, की पाणी होते तेवढेच आहे.

ही सारी करामत मेंथॉल या द्रव्याची. आपल्या जिभेतल्या आणि त्वचेतल्या काही मज्जातंतूंच्या टोकांवर एक खास प्रथिन असते. ते थंडी ओळखणाऱ्या कुलपासारखे आहे. तापमान साधारण २५ अंशांच्या खाली गेले, की हे कुलूप उघडते आणि मेंदूला 'गार' असा निरोप जातो. मेंथॉल म्हणजे याच कुलपाची बनावट किल्ली! ते कुलपाला लागले, की थंडी नसतानाही निरोप जातो. मिरचीचेही असेच. ती खरोखर गरम नसते, पण उष्णता ओळखणारे कुलूप उघडते आणि तोंडाची आग होते. ही दोन्ही कुलपे शोधणारे डेव्हिड ज्युलियस, आणि थंडीचे कुलूप २००२ साली स्वतंत्रपणे शोधणारे आर्डेम पॅटापूटियन, या शास्त्रज्ञांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात पॅटापूटियन यांच्या स्पर्शाच्या संशोधनाचाही वाटा होता.

आपल्या स्वयंपाकघरातल्या पुदिन्यात मेंथॉल थोडे आणि कार्व्होन नावाचे द्रव्य अधिक असते. भरपूर मेंथॉल असते ते पेपरमिंट आणि जपानी पुदिना या त्याच्या भाऊबंदांत. कार्व्होनची गंमत वेगळीच. त्याचे रेणू दोन प्रकारचे असतात. ते डाव्या-उजव्या हातांसारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. एका प्रकाराला पुदिन्याचा वास येतो, तर दुसरा सापडतो शेपूच्या बियांत, म्हणजे बाळंतशेपेत. दोन्ही हुंगून पाहा. घडण तीच, पण वास अगदी निराळे!

मग पुदिन्याचा उपयोग काय? आहे, मोठा आहे. कोमट, बेचव पाणी दोन घोट पिऊन आपण पेला खाली ठेवतो. चव आणि सुवास असलेले पेय मात्र मुले आपणहून अधिक पितात. म्हणजे पुदिना शरीराला थंड करीत नाही, तो आपल्याला पाणी प्यायला लावतो. पण नुसती पेपरमिंटची गोळी चघळून उन्हात खेळत राहणारा मात्र फसतो. तोंड गार, आणि शरीर तापलेले!

पुदिना लावणे अगदी सोपे. बाजारच्या जुडीतल्या चार जाड काड्या निवडा, खालची पाने काढा आणि काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. मग त्या पसरट कुंडीत लावा. उन्हाळ्यात दुपारची सावली आणि रोजचे पाणी हवे.

गवती चहावर झाकण हवे

कोकणात परसदारी गवती चहाचा एक तरी ठोंब असतोच. हा ऊस-ज्वारीच्या कुळातला. शेजाऱ्यांकडून मुळांसह एक फुटवा आणून लावला, की झाले. पानांच्या कडा धारदार असतात, तोडताना जपा.

त्याचा लिंबासारखा वास सिट्रल या द्रव्यामुळे येतो. अशी सुगंधी तेले चटकन उडून जाणारी असतात. गवती चहाचे तुकडे दोन भांड्यांत घ्या. एक भांडे झाकण न ठेवता दहा मिनिटे उकळा; दुसऱ्यात उकळते पाणी ओतून लगेच झाकण ठेवा. निवल्यावर दोन्हींचा वास घ्या. पहिल्याचा सुगंध घरभर पसरलेला असेल. दुसऱ्याचा पेल्यात राहिला असेल. हे झाकलेले पाणी गाळून, गार करून त्यात लिंबू पिळले, की उत्तम पेय तयार.

सब्जाचा पाणसाठा

सब्जा ही तुळशीची बहीण. दोघी एकाच प्रजातीतल्या. तिचे काळे, बारीक बी पाण्यात टाकले, की काही मिनिटांत प्रत्येक बीभोवती पारदर्शक, बुळबुळीत थर येतो. बीच्या सालीतले पदार्थ पाणी धरून फुगतात. रानात या थरामुळे बी ओल्या मातीला चिकटते आणि रुजण्यापुरते पाणी जवळ राखते. सब्जाने किती पाणी धरले ते मोजा. १०० मिलिलिटर पाण्यात एक चमचा बी घाला, पंधरा मिनिटांनी बारीक गाळणीने गाळा आणि खाली आलेले पाणी मोजा. जे कमी भरले, ते सब्जाने धरले!

सब्जा 'थंड' आहे तो असा. त्याच्यात गारवा नाही, पाणी आहे. मात्र कोरडे बी कधीही तोंडात टाकू नका. ते घशात फुगून अडकू शकते.

मीठ-साखरेची जोडी

घामाची चव खारट का? एक लिटर घामाबरोबर साधारण १ ते ४ ग्रॅम मीठ निघून जाते. म्हणून आपल्या पन्ह्यात, मठ्ठ्यात आणि लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ असते. साखरेचेही काम आहे. आतड्यात मिठातले सोडियम आणि ग्लुकोज यांना एकच प्रथिन जोडीने आत नेते, आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धकाळात, पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रुग्णांना पाजले आणि कितीतरी प्राण वाचवले.

पण साखर बेतानेच हवी. बाजारातल्या बऱ्याच गोड पेयांत १०० मिलिलिटरला सुमारे १० ग्रॅम साखर असते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात चार चमचे! खालच्या सरबतात ती पेल्याला दीड चमचाच येते.

करून पाहा: पुदिन्याचे सरबत (४ पेले)

पुदिन्याची १५-२० पाने धुऊन ठेचा. त्यात एका लिंबाचा रस, ६ चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. माठातले ८०० मिलिलिटर पाणी ओतून ढवळा आणि गाळा. वरून चमचाभर भिजवलेला सब्जा घाला. ताजे करा, ताजे प्या.

हे विसरू नका

पाणी उकळून गार केलेले किंवा गाळून शुद्ध केलेले असावे. कीटकनाशक फवारलेल्या झाडाची पाने घेऊ नका. न ओळखीचे झाड कितीही सुवासिक असले तरी पेयात वापरू नका. घरी मधुमेह किंवा रक्तदाब असलेले कोणी असेल, तर साखर-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठेवा. जुलाब झाल्यास सरबतावर विसंबू नका; दवाखान्यात मिळणारी जलसंजीवनीची पुडी आणा. आणि उन्हात कोणी बरळू लागला, अंग चटका बसण्याइतके तापले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका.

शेवटी एक काम तुमच्यावर सोपवतो. संध्याकाळी खेळायला जाण्यापूर्वी आणि खेळून आल्यावर, पाणी पिण्याआधी, अचूक काट्यावर वजन करा. घामाने ओले झालेले कपडे काढून ठेवा, म्हणजे हिशेब चुकणार नाही. जेवढे ग्रॅम घटले, साधारण तेवढे मिलिलिटर पाणी शरीरातून गेले. चार दिवसांच्या नोंदी वहीत ठेवा. लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे असे समजा. एका सुटीत तुम्हाला कळेल, की तुमच्या शरीराला रोज किती पेले 'थंडावा' लागतो.