एकशे बावन्नावा सामना

दिवाळीच्या तोंडावर सहामाहीचे निकाल लागतात आणि फराळाच्या ताटाबरोबर चिरंजीवांचे प्रगतिपुस्तकही पाहुण्यांपुढे येते. “आमचा बंड्या कायम पहिला हं!” चकलीचा तुकडा मोडता मोडता यजमानीणबाई सांगतात. पाहुणे माना डोलावतात. दाराशी उभ्या असलेल्या बंड्याच्या चेहऱ्याकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. नेहमी पहिला येणाऱ्याला दुसरा येण्याची केवढी धास्ती असते, हे मी वीस वर्षे फळ्यापाशी उभा राहून पाहत आलो आहे. म्हणूनच आज वाचकांना सातासमुद्रांपलीकडच्या एका शाळेची गोष्ट सांगावीशी वाटते. ही शाळा बारा वर्षे एकदाही हरली नाही. आणि मग हरली.

शाळेचे नाव ‘द ला साल’. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील कॉन्कर्ड या गावी १९६५ साली ती निघाली. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त द ला साल नावाचे एक धर्मगुरू होऊन गेले. गोरगरिबांच्या मुलांना शिकवण्यासाठी त्यांनी ‘ब्रदर’ मंडळींचा एक संघ उभारला. ही मंडळी पाद्री नव्हेत. अविवाहित राहून शिकवणे हेच त्यांचे व्रत. कॉन्कर्डची ही मुलांची शाळा त्यांचीच. कॅथलिक पंथात द ला साल यांना शिक्षकांचे पालक संत मानतात, हे आम्हा मास्तरलोकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे!

तर या शाळेचा खेळ फुटबॉल. पण वाचकहो, कुपरेजचे मैदान डोळ्यांपुढे आणू नका. अमेरिकन फुटबॉलच्या नावात पाय असला तरी चेंडू बहुधा हातातच असतो, आणि तोही नारळासारखा दोन्ही टोकांना निमुळता. दोन्हीकडे ११-११ गडी, १०० यार्डांचे मैदान. चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हवाली. पलीकडच्या हद्दीत चेंडू पोचला की ६ गुण. आपल्या हुतुतूची झोंबाझोंबी आणि बुद्धिबळाचे डावपेच यांची मोट बांधली, तर या खेळाची थोडीफार कल्पना येईल.

१९७९ सालापर्यंत या शाळेच्या संघाचा एकही मोसम असा गेला नव्हता की ज्यात हारींपेक्षा जिती अधिक. त्या वर्षी बॉब लॅडूसर नावाचा पंचविशीच्या घरातला एक तरुण प्रशिक्षक म्हणून आला. वर्गात तो धर्मशिक्षणाचा तास घेई आणि तास संपला की मैदानावर जाई. टेरी आयड्सन हे त्याचे सहकारी. डावपेच म्हणाल तर जुनेच. चेंडू कोणी घेऊन पळायचे हे समोरचा गडी कुठे सरकतो ते पाहून ऐनवेळी ठरवायचे. यात एकाचे शौर्य कामाचे नाही. अकराही जणांचे पाऊल एकाच क्षणी पडले पाहिजे.

त्यासाठी त्याने एक साधी रीत पाडली. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी संघाने एकत्र जेवायचे. मग प्रत्येकाने, या सामन्यात मी काय करीन, हे एका कार्डावर लिहून सर्वांसमक्ष वाचायचे आणि ते कार्ड एका सोबत्याच्या हाती द्यायचे. म्हणजे वचन गुरुजींना नव्हे, मित्राला. मैदानावर उतरतानाही ही दांडगी पोरे एकमेकांचे हात धरून चालत.

१९९१ च्या मोसमाच्या अंतिम सामन्यात शेजारच्या पिट्सबर्ग गावच्या शाळेकडून हा संघ हरला. त्यानंतर जे घडले त्याला तोड नाही. १९९२ पासून २००३ पर्यंत एकही हार नाही! मिशिगनमधील हडसन शाळेचा सलग ७२ विजयांचा राष्ट्रीय विक्रम १९९७ मध्ये मागे पडला. पुढे आकडा १५१ वर गेला. जिंकण्याचे कौतुक सरले आणि “आपल्या हातून हे तुटायला नको” एवढेच ओझे प्रत्येक नव्या तुकडीच्या खांद्यावर आले.

मग २००४ साल उजाडले. नुकताच शाळेतून बाहेर पडलेला टेरन्स केली हा गुणी खेळाडू ओरेगन विद्यापीठात शिष्यवृत्तीवर निघाला होता. निघायला दोन दिवस उरले असता, १२ ऑगस्टला, रिचमंड गावात त्याला गोळ्या घालून मारण्यात आले. तो अठरा वर्षांचा होता. मारणारा अवघा पंधरांचा. ज्या मुलांनी केलीबरोबर कार्डे वाचली होती, ती आता त्याला अखेरचा निरोप देण्यासाठी जमली. १५१ हा आकडा त्या दिवशी कोणाच्या ध्यानी आला असेल?

४ सप्टेंबरला सिअ‍ॅटलमध्ये बेलव्ह्यू शाळेने त्यांना ३९–२० असे हरवले. एकशे बावन्नावा सामना हातचा गेला. त्या मोसमात आणखीही पराभव पदरी आले. पण आभाळ काही कोसळले नाही. शाळा भरली, सराव सुरू झाला, गुरुवारची कार्डे पुन्हा लिहिली गेली. केलीच्या वडिलांनी मुलाच्या नावाने मुलांसाठी एक संस्था काढली. नील हेज या पत्रकाराने या संघावर आधीच पुस्तक लिहिले होते. त्यावरून २०१४ मध्ये ‘व्हेन द गेम स्टँड्स टॉल’ हा चित्रपटही निघाला.

मला मात्र या गोष्टीतला सर्वांत मोठा आकडा १५१ वाटत नाही. २०१२ चा मोसम संपल्यावर, ३४ मोसमांनंतर, लॅडूसर प्रमुखपद सोडून बाजूला झाले. तेव्हा त्यांच्या नावावर ३९९ विजय होते, २५ पराभव आणि ३ बरोबरी. आणखी एक सामना जिंकला असता की चारशे! आपण असतो तर त्या एकासाठी वर्षभर थांबलो असतो. ते थांबले नाहीत.

असो. फराळाचे ताट पुढे आले की यंदा मी बंड्याला जवळ बोलावणार आहे. त्याचा नंबर नाही विचारणार. “तुझ्या बाकावर शेजारी कोण बसतो रे?” एवढेच विचारीन म्हणतो.