गाठीतल्या जनुकांचं भाकीत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘डॉक्टर, आता पुढे काय होईल?’ कॅन्सरचं निदान झालं की रुग्णाच्या घरातून पहिला प्रश्न हाच येतो. गाठ केवढी आहे, कुठवर पसरली आहे, हे रिपोर्टात लिहिलेलं असतं. घरच्यांना मात्र त्यापलीकडचं हवं असतं. रोग उलटेल का? केमो घ्यावीच लागेल का? नाही घेतली तर? या प्रश्नांची उत्तरं गाठीतल्या जनुकांकडून मिळवण्याचा प्रयत्न गेली पंचवीसएक वर्षं चालू आहे. त्यातून खरोखर काय हाती लागलं आणि कुठे सावध राहायला हवं, हे आज आपण पाहू.

आजवर डॉक्टर अंदाज बांधत आले ते प्रामुख्यानं तीन गोष्टींवरून. गाठीचा आकार, जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत तिचा झालेला प्रसार आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं पेशींचं रूप. या तीनही गोष्टी आजही महत्त्वाच्याच आहेत. पण त्या पुरत नाहीत. दोन बायकांच्या स्तनातली गाठ सारख्याच आकाराची, वय सारखं, रिपोर्ट सारखा. एक दहा वर्षांनी ठणठणीत असते, तर दुसरीच्या हाडांमध्ये दोन वर्षांतच रोग दिसतो. वरून सारख्या दिसणाऱ्या या गाठी आतून वेगळ्या असल्या पाहिजेत.

तो फरक कसा ओळखायचा? आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे वीस हजार आहेत. तरी यकृताची पेशी आणि कातडीची पेशी एकसारखी नसते. कारण कोणती जनुकं चालू आहेत आणि कोणती बंद, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. मावळातलं परंदवडीसारखं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. वीज घरोघरी पोचलेली आहे. रात्री जवळच्या टेकडीवरून पाहिलं तर कुठे स्वयंपाकघरातला दिवा दिसेल, कुठे गोठ्यातला, तर कुठे लग्नघराचा अख्खा मांडव उजळलेला दिसेल. तारा त्याच, पण कोणते दिवे लागले आहेत यावरून गावात काय चाललं आहे ते कळतं.

पेशीतही तसंच आहे. जनुक चालू झालं की त्याच्या आरएनए नावाच्या नकला तयार होतात. नकला जितक्या जास्त, तितका तो दिवा प्रखर. या नकला मोजणं म्हणजेच जनुकांची अभिव्यक्ती मोजणं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आईकडून मुलीकडे येणारा जनुकातला दोष शोधण्याची तपासणी वेगळी आणि ही वेगळी. ही तपासणी गाठीतले दिवे पाहते. ‘माझ्या मुलीला कॅन्सर होईल का,’ या प्रश्नाचं उत्तर ती देत नाही.

२००२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ७८ रुग्णांच्या गाठी तपासल्या. या सगळ्या पंचावन्न वर्षांच्या आतल्या बायका होत्या आणि त्यांच्या काखेतल्या ग्रंथींपर्यंत रोग पोचलेला नव्हता. एका चिपवर हजारो जनुकांचे दिवे एकाच वेळी मोजले गेले. ज्यांचा रोग पाच वर्षांत इतरत्र पसरला आणि ज्यांचा पसरला नाही, अशा दोन गटांची तुलना करून संशोधकांनी ७० जनुकं निवडली. या ७० दिव्यांची मांडणी पाहून धोका जास्त की कमी, हे सांगता येईल, असा त्यांचा दावा होता. त्यावर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ साली मान्यता दिली.

त्यानंतर अशा ‘जनुकसंचां’चं पेवच फुटलं. पण यात एक खाच आहे. जनुकं हजारो आणि रुग्ण शेकड्यांच्याही आत असले, की केवळ योगायोगानं जुळणारं काही ना काही सापडतंच. २०११ साली ब्रसेल्सच्या तीन संशोधकांनी याची गमतीशीर परीक्षा घेतली. जेवणानंतर हसल्यावर रक्तातली कोणती जनुकं बदलतात, याचा एक अभ्यास झालेला होता. त्या जनुकांचा कॅन्सरशी काही संबंध नव्हता. तरीही त्यांच्यावरून स्तनाच्या कॅन्सरचं भाकीत करता येतं, असं आकडेमोडीत दिसलं! डोळे मिटून निवडलेले जनुकसंचही बऱ्याचदा तसंच भाकीत करत होते. याचं कारण असं, की पेशी भराभर वाढू लागली की तिच्यातले असंख्य दिवे एकदम लागतात. त्यातले कुठलेही मूठभर पकडले तरी ते ‘वाढ जोरात आहे’ एवढंच सांगतात. म्हणून भाकीत जुळलं एवढ्यावर भागत नाही. त्या भाकिताचा आधार घेऊन उपचार बदलले तर रुग्णाचं भलं होतं का, ही खरी कसोटी आहे.

या कसोटीला उतरलेलं ठळक उदाहरण म्हणजे २१ जनुकांची चाचणी. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात. त्या ठोकळ्याचे महीन काप घेऊन त्यातला आरएनए वेगळा काढतात. मग वापरतात ती आरटी-पीसीआर. कोरोनाच्या काळात हे नाव घराघरात पोचलं. तेव्हा नाकातल्या स्रावात विषाणूचा आरएनए शोधत होते, इथे गाठीतल्या जनुकांचा आरएनए मोजतात. २१ पैकी १६ जनुकं रोगाशी संबंधित आहेत. उरलेली पाच रस्त्यावरच्या दिव्यांसारखी, नेहमीच चालू असणारी. त्यांच्याशी तुलना करून बाकीच्यांचा जोर ठरवतात. सगळ्याचा हिशेब करून शून्य ते शंभरमधला एक गुणांक निघतो. गुणांक वीस आला म्हणजे रोग उलटण्याची शक्यता वीस टक्के, असा त्याचा अर्थ नव्हे. गुणांक हे केवळ मोजमाप आहे. त्याचा अर्थ डॉक्टरांनीच समजावून सांगायचा असतो.

या चाचणीच्या परीक्षेसाठी दहा हजारांहून अधिक स्त्रियांची नोंदणी झाली. हार्मोनला प्रतिसाद देणारी गाठ, हर-टू नावाचं प्रथिन वाढलेलं नाही आणि काखेतल्या ग्रंथी स्वच्छ, अशाच स्त्रिया त्यात घेतल्या होत्या. ११ ते २५ असा मधला गुणांक असलेल्या ६,७११ जणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला फक्त हार्मोनच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याला गोळ्यांबरोबर केमो. निकाल २०१८ साली आला. नऊ वर्षांनी, शंभरातल्या सुमारे ८३ जणी केमोशिवाय रोगमुक्त होत्या, आणि केमो घेतलेल्यांत ८४. फरक जवळजवळ नाहीच. मात्र पन्नाशीच्या आतल्या आणि १६ ते २५ गुणांक असलेल्या स्त्रियांना केमोचा काहीसा फायदा दिसला. याचा अर्थ असा, की केस गळणं, उलट्या, हाता-पायांना येणाऱ्या मुंग्या हे सगळं असंख्य बायकांना टाळता येतं, आणि तेही जिवाचा धोका न वाढवता.

हे झालं परदेशातलं. आपल्याकडे काय आहे? मावळातून जाणारा द्रुतगती मार्ग कळंबोलीला संपतो. तिथून खारघर अगदी जवळ. तिथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तिथल्या डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटानं लहान मुलांच्या मेंदूतल्या एका कॅन्सरवर काम केलं. त्याचं नाव मेड्युलोब्लास्टोमा. हा डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत होतो. सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा एकसारख्या दिसणाऱ्या या गाठींचे जनुकांच्या अभिव्यक्तीवरून चार मुख्य गट पडतात, यावर जगभरातल्या तज्ज्ञांचं २०१२ च्या सुमारास एकमत झालं. त्यातल्या ‘विंट’ गटातली दहापैकी नऊहून अधिक मुलं योग्य उपचारांनी बरी होतात. तिसऱ्या गटाचं भवितव्य मात्र सगळ्यांत कठीण.

अडचण अशी, की हे गट ओळखायला परदेशात ताज्या, गोठवलेल्या गाठी आणि महागड्या चिप वापरत. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत असतो तो फक्त मेणाचा ठोकळा, आणि मेणात आरएनएचे तुकडे होतात. शिरसाट यांच्या गटानं इथे एक युक्ती केली. मायक्रो-आरएनए नावाचे रेणू मुळातच इतके छोटे असतात, की मेणातही ते बऱ्यापैकी टिकतात. १२ जनुकं आणि ९ मायक्रो-आरएनए यांचा संच निवडून त्यांनी पीसीआरवर चालणारी चाचणी तयार केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. आपल्या रुग्णालयांतल्या परिस्थितीला जमेल अशी ही चाचणी आहे, हे तिचं मोठेपण.

मग पुढचा प्रश्न आला. विंट गटातली मुलं इतकी चांगली बरी होतात, तर त्यांना एवढे कडक उपचार कशाला? या आजारात शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण मेंदूला आणि पाठीच्या कण्याला शेक द्यावा लागतो. वाढत्या मुलावर त्याचे परिणाम आयुष्यभर राहतात. उंची खुंटते, हार्मोन बिघडतात, अभ्यासात मागे पडायला होतं. टाटा स्मारक केंद्रातल्या डॉक्टरांनी कमी धोक्याच्या विंट मुलांसाठी चाचणी-अभ्यास हाती घेतला. शेक फक्त गाठीच्या जागेला द्यायचा, कण्याला सुरुवातीला द्यायचाच नाही आणि त्यानंतर केमो, अशी योजना होती. हेतू मुलांच्या भल्याचाच होता.

पण अभ्यास मध्येच थांबवावा लागला. थोडीच मुलं घेऊन झाली होती आणि त्यांतल्या काहींच्या मेंदूत व कण्यात, जिथे शेक दिला नव्हता तिथे, रोग परत दिसला. डॉक्टरांनी हे २०२२ साली उघडपणे प्रसिद्ध केलं. हा शेक सुरुवातीला पूर्णपणे टाळणं सुरक्षित नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्यांनी हे लपवलं नाही, त्यामुळे जगात इतरत्र तोच धोका इतर मुलांना पत्करावा लागणार नाही. आता शेक पूर्ण वगळण्याऐवजी त्याची मात्रा कमी करण्याचा मार्ग तपासला जातो आहे.

या घटनेतला धडा आपण सगळ्यांनीच लक्षात ठेवावा असा आहे. जनुकांचं भाकीत चुकलं नव्हतं. विंट गट चांगलाच होता. पण ‘विंट मुलं बरी होतात’ हे भाकीत पूर्ण उपचार घेतलेल्या मुलांवरून बांधलेलं होतं. उपचार बदलला की त्या भाकिताचा पायाच बदलतो. ‘धोका कमी’ याचा अर्थ ‘उपचार नकोत’ असा आपोआप होत नाही. किती उपचार कमी करता येतील, हे प्रत्यक्ष रुग्णांवर जपून पाहूनच ठरतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तसं पाहिल्यावर उत्तर ‘हो’ आलं, इथे ‘नाही’ आलं.

मग आपल्या घरात असा प्रसंग आला तर काय करायचं? परदेशी चाचण्यांचा खर्च लाखांच्या घरात जातो. त्यामुळे होकार देण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. पहिला, ही चाचणी आमच्याच प्रकारच्या कॅन्सरसाठी आहे का? स्तनाच्या कॅन्सरमधली २१ जनुकांची चाचणी हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठींसाठी आहे. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ गाठींना ती लागू नाही, आणि आपल्या देशात अशा गाठींचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. दुसरा, निकाल काहीही आला तरी उपचार तोच राहणार असेल, तर चाचणी कशासाठी? तिसरा, ती किती आणि कोणत्या रुग्णांवर पडताळली आहे? हे विचारण्यात कसलाही अनादर नाही. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात.

आणखी एक गोष्ट. शस्त्रक्रियेनंतर गाठीचा मेणाचा ठोकळा, म्हणजे ‘ब्लॉक’, कुठल्या प्रयोगशाळेत आहे आणि त्याचा क्रमांक काय, हे फाईलमध्ये लिहून ठेवा. आज चाचणीची गरज नसेल, पण पुढे लागलीच तर याच ठोकळ्यावर ती करता येते. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायला जाताना रिपोर्टाच्या कागदांइतकंच या ठोकळ्याचं मोल असतं.

मावळातला भातशेतकरी वेधशाळेचा अंदाज ऐकतो आणि लावणीचं ठरवतो. अंदाज म्हणजे वचन नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी तो अंदाज ऐकतोच, कारण अंदाजाशिवाय केलेल्या लावणीपेक्षा अंदाज ऐकून केलेली बरी. जनुकांचं भाकीतही तसंच घ्यावं. ते आपल्यासारख्या शंभर जणांचं काय झालं ते सांगतं. आपलं एकट्याचं भविष्य ते सांगत नाही. पण उपचार किती घ्यायचे, हे डॉक्टरांबरोबर बसून शहाणपणानं ठरवायला ते नक्कीच उपयोगी पडतं.