जुनी हार्ड डिस्क, नवा संगणक

शाळेतील जुना संगणक बंद पडतो. मदरबोर्ड निकामी झालेला असतो आणि सुटे भाग मिळत नाहीत. हार्ड डिस्क मात्र शाबूत असते. ती काढून नव्या संगणकात बसवली की काम झाले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नसल्याचा संदेश पडद्यावर येतो आणि गाडी तिथेच थांबते. असे का होते?

त्याआधी एक प्रश्न. डिस्कवरच्या फायली नव्या संगणकात उतरवून घेतल्या की भागत नाही का? छायाचित्रांच्या बाबतीत भागते. मराठी मजकुराचे तसे नाही.

समजा, छत्रपती संभाजीनगरमधील एका शाळेने २००३ साली घेतलेल्या संगणकावर प्रश्नपत्रिका आणि वार्षिक अंक टाइप केले आहेत. (शहराचे नाव २०२३ साली बदलले, त्या फायलींत ते अर्थातच औरंगाबाद आहे.) त्या काळी मराठीसाठी सी-डॅकचे 'आयएसएम' किंवा मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्री-लिपी' सर्रास वापरले जाई. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण ते रोजच्या वापरात यायला बराच काळ गेला. जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर काना, वेलांटी, अर्धी अक्षरे असे देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली, तर निव्वळ चिन्हांची खिचडी दिसते. फाइल, फाँट आणि सॉफ्टवेअर तिन्ही त्या एकाच डिस्कवर असतात. म्हणूनच ती डिस्क 'बूट' करावीशी वाटते.

बूट होणे म्हणजे काय?

स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःलाच वर उचलणे, या कल्पनेवरून हा शब्द आला. संगणक सुरू होताना त्याच्या स्मृतीत ऑपरेटिंग सिस्टिम नसते. ती आणायची तर आणणारा प्रोग्राम आधी हवा! हे पहिले काम मदरबोर्डवरील चिपमधला बायॉस हा प्रोग्राम करी. तो डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, वाचतो. त्यांची वाटणी अशी:

४४६ बाइट – पुढचा प्रोग्राम शोधणाऱ्या सूचना
६४ बाइट – डिस्कच्या विभागांचा तक्ता (४ विभाग, प्रत्येकी १६ बाइट)
२ बाइट – 'हा बूट सेक्टर आहे' ही खूण

तक्त्यात ज्या विभागावर 'सक्रिय' अशी खूण असते, त्याच्याकडे कारभार सोपवला जातो आणि तेथून विंडोज सुरू होते. या साखळीतील एक कडी तुटली तरी डिस्क बूट होत नाही.

अडते कुठे?

पहिली अडचण जोडणीची. जुन्या डिस्कला ४० पिनांची रुंद आयडीई केबल लागते. नव्या मदरबोर्डवर साटा जोडणी असते. यासाठी कन्व्हर्टर मिळतो.

दुसरी अडचण बायॉसची. नव्या संगणकात त्याच्या जागी यूईएफआय आहे. ते पहिल्या सेक्टरमधील सूचना चालवत नाही. फॅट पद्धतीच्या एका लहान विभागातील ठरावीक फाइल शोधते. जुन्या डिस्कवर ती नसतेच. काही संगणकांच्या सेटिंगमध्ये 'लेगसी' किंवा 'सीएसएम' हा पर्याय असतो. तो निवडला तर जुनी रीत चालते. अनेक नव्या संगणकांतून तो काढून टाकला आहे.

तिसरी अडचण ड्रायव्हरची. विंडोज एक्सपी जुन्या मदरबोर्डच्या चिप ओळखते. नव्या चिपशी बोलता आले नाही, की सुरुवात होऊनही मध्येच निळा पडदा येतो.

मग करावे काय?

१. मूळ डिस्कवर काहीही लिहू नये, फॉरमॅट तर मुळीच करू नये. यूएसबी कन्व्हर्टरने ती जोडून लिनक्समधील 'डीडी'सारख्या आज्ञेने सेक्टर-सेक्टरची हुबेहूब प्रत घ्यावी. आज्ञा देताना स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली, तर मूळ माहिती पुसली जाते. म्हणून दोघांनी मिळून तपासावे.

२. ही प्रत व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये चालवावी. ते नव्या संगणकाच्या पोटात बायॉस आणि आयडीई असलेला जुना संगणक उभा करते. निळा पडदा आलाच, तर एक्सपीच्या मूळ सीडीवरील दुरुस्तीचा पर्याय वापरावा.

३. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यामुळे तिला इंटरनेट जोडू नये.

४. मजकूर युनिकोडमध्ये बदलून जपावा. पुढच्या वेळी ही खटपट करावी लागणार नाही.

वर्गात करून पाहा

जुना बायॉस आणि आयडीई यांच्या मर्यादा एकत्र केल्या, तर १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर एवढेच मोजता येत. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार करा: ५२,८४,८२,३०४ बाइट. १९९० च्या दशकात अनेक संगणक मोठ्या डिस्कचाही सुमारे ५२८ मेगाबाइट एवढाच भाग का दाखवत, त्याचे उत्तर या गुणाकारात आहे. विभागांच्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. त्यावरून या तक्त्याची कमाल मर्यादा विद्यार्थ्यांना काढू द्या.