शिवारातून बाजारापर्यंत : शेतकऱ्यांच्या अन्नोद्योगाविषयीचे काही रूढ समज

आपल्या शिवारातील माल आपणच निवडावा, आपणच बांधावा आणि आपल्याच नावाने ग्राहकाच्या हाती द्यावा, ही आकांक्षा महाराष्ट्रातील अनेक गावांत आता उघडपणे बोलली जाते. परंतु तिच्याभोवती काही समजुती अशा रूढ झाल्या आहेत की, उत्साहाने काढलेला उपक्रम पहिल्या सभेतच संशयाने ग्रासला जातो.

त्यांत सर्वांत चिवट समज जमिनीविषयीचा. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीच्या सभासदत्वाच्या अर्जासोबत सातबाऱ्याचा उतारा मागितला की, 'उद्या आमची जमीन कंपनीच्या नावावर चढणार' अशी शंका घरातील वडीलधारी मंडळी बोलून दाखवतात, आणि कुळांचे दावे व सावकारी खरेदीखते यांचा या प्रांताचा इतिहास पाहता तिला निराधार भीती म्हणून हसण्यावारी नेणे मला उचित वाटत नाही. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. उतारा मागितला जातो तो अर्जदार खरोखर उत्पादक आहे याची खातरजमा करण्यासाठी. त्यावरून तलाठ्याच्या दप्तरात फेरफार होत नाही, आणि कंपनीचे भाग विकत घेतल्याने जमीन तारणही पडत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारणा १.३४ हेक्टर होती. एवढ्याशा तुकड्यांचे एकत्रीकरण करण्याचे येथे प्रयोजनच नाही, कारण एकत्र येतो तो माल, जमीन नव्हे.

'कंपनी' म्हटले की मुंबईचे भांडवलदार डोळ्यांपुढे उभे राहतात, हा दुसरा समज. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींनंतर २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनी हा प्रकार अस्तित्वात आला. किमान दहा उत्पादकांनी ती स्थापावी, संचालक पाच ते पंधरा असावेत, भाग उत्पादकांखेरीज इतरांस विकता येऊ नयेत, आणि व्यक्तिगत सभासदांच्या कंपनीत भाग कितीही असले तरी प्रत्येकास एकच मत असावे, असे तिचे विधान आहे. एका सभासदास एकच मत हे तत्त्व विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला उभारलेल्या साखर कारखान्यापासून महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. अर्थात मताचा अधिकार आणि मत बजावणे या दोन गोष्टी भिन्न होत. वार्षिक सभेस पाठ फिरवणाऱ्या सभासदाचे रक्षण कोणताही कायदा करू शकत नाही.

आता ज्या समजापायी सर्वाधिक निराशा पदरी येते त्याकडे वळू. दलाल गेला की त्याचा सारा वाटा आपल्या खिशात उरेल, असे गृहीत धरले जाते. आणि जुलै २०१६ मध्ये राज्यात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यावर तर ही आशा अधिकच बळावली. परंतु दलाल गेला तरी त्याचे काम उरतेच. नाशिकच्या द्राक्षांचेच पाहा : तोडणी झाल्यावर खराब मणी काढून, घडांची प्रतवारी करून, काही तासांच्या आत मालातील उष्णता काढून घ्यावी लागते, पेटीत गंधकाच्या वायूचा कागद ठेवावा लागतो, आणि परदेशी पाठवायचे तर शून्य अंशाच्या आसपासचे तापमान बंदरापर्यंत अखंड राखावे लागते. शीतगृहाची वीज, खोकी, वाहतूक, नासाडी आणि उशिरा येणारी वसुली, हा सारा खर्च आता संस्थेच्या खतावणीत येऊन बसतो. शिवाय आडत्या हंगामापूर्वी उचल देतो, प्रसंगी घरच्या लग्नालाही पैसे पुरवतो. त्याचे सावकारीपण मान्य करूनही ही सोय त्याच्याकडे होती हे विसरता येत नाही.

म्हणूनच कायद्याने एक शहाणपणाची तरतूद केली आहे. माल घालतेवेळी संचालक मंडळ ठरवील तेवढेच मूल्य सभासदास मिळते, आणि राखून ठेवलेली उर्वरित किंमत पुढे दिली जाऊ शकते. त्यापलीकडे शिल्लक राहिल्यास प्रत्येकाने संस्थेशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात लाभांश वाटता येतो. हिशेब असा पुढे ढकललेला असल्यामुळे खरी कसोटी लागते ती बांधावर उभा असलेला व्यापारी किलोमागे दोन रुपये जास्त आणि तेही रोख देऊ करतो त्या दिवशी. त्या दिवशी सभासदांनी माल बाहेर वळवला, तर ग्राहकास दिलेला शब्द मोडतो, आणि शब्द मोडलेल्या संस्थेला यंत्रसामग्री कितीही उत्तम असली तरी तारता येत नाही. माझ्या मते अशा उद्योगाचे मूळ भांडवल हे सभासदांचे करारपालन होय. पैसा त्यामागून येतो.

'सेंद्रिय म्हणजे फवारणी बंद केली की झाले' हा समजही असाच घातक. प्रमाणित सेंद्रिय शेतीत हंगामी पिकांसाठी सर्वसाधारणपणे दोन आणि बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ धरला जातो, आणि नोंदवहीवाचून तो सिद्ध होत नाही. लहान शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची शेते तपासावीत अशी सहभागी हमीपद्धतीही भारतात आहे. नोंदींचे महत्त्व २०१० साली द्राक्षबागायतदारांना फार महाग शिकावे लागले : युरोपात गेलेल्या भारतीय मालात क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेबाहेर सापडला. ते कीटकनाशक नव्हते, वेलीची अनावश्यक वाढ आवरणारे द्रव्य होते. तरीही माल नाकारला गेला.

परवान्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा शेतकऱ्यास व त्याच्या शेतावरील पिकास लागू नाही. पण त्याच शेतावरील कैरीचे लोणचे घालून विकायला काढले की नोंदणी अपरिहार्य ठरते, मग ते घरच्या चुलीवर केलेले का असेना.

राहता राहिले अनुदान. सरकारी पैशावर उद्योग उभा राहतो असे मानणाऱ्यांनी २०२० च्या केंद्रीय योजनेतील समभाग साहाय्याची अट वाचावी : सभासदामागे दोन हजार रुपयांपर्यंत आणि संस्थेमागे पंधरा लाखांपर्यंत जे मिळते, ते सभासदांनी स्वतः भरलेल्या भागरकमेइतकेच. आणि बाहेरचे भांडवल घेतले म्हणजे मालकी गेली, असेही सरसकट म्हणता येत नाही. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांकडून सुमारे ३१० कोटी रुपये उभारले, ते उत्पादक कंपनीत नव्हे, तर काढणीपश्चात कामासाठी तिने काढलेल्या उपकंपनीत. कारण मूळ कंपनीचे भाग परक्यांस देण्याची मुभा कायद्यात नाही. उपकंपनीतील आपला हिस्सा किती राखायचा आणि किती सोडायचा, हा सौदा मात्र शेतकऱ्यांनाच करावा लागतो.